कुत्रा गाडीत नेताना डिकी कशी जपावी: केस, चिखल आणि ओल यांचा पक्का बंदोबस्त

हॅचबॅक, एसयूव्ही किंवा स्टेशन वॅगन असेल तर मोठ्या कुत्र्याला न्यायला डिकीइतकी सोयीची जागा नाही. त्याला ऐसपैस बसता येतं, बाहेरचं दिसतं आणि गाडीतली हवाही मिळते. पण डिकीचं अस्तर सामान ठेवण्यासाठी केलेलं असतं. ओले पंजे, गळणारे केस आणि लाळ याचा विचार त्यात नसतो. तो आपल्याला करावा लागतो, आणि कुत्रा पहिल्यांदा आत चढायच्या आधी केला तर पुढची बरीच वर्षं सुखात जातात.

सेडान गाडीची डिकी ही बंद पेटी असते. तिथे हवा खेळत नाही, उष्णता कोंडते आणि आत काय चाललंय हे आपल्याला दिसत नाही. तिथे कुत्रा कधीही ठेवू नये, अगदी दोन मिनिटांच्या अंतरासाठीही नाही. सेडान असेल तर त्याची जागा मागच्या सीटवर. खाली सांगितलेलं बरंचसं तिथेही उपयोगी पडेल.

केस निघत का नाहीत

डिकीतलं कार्पेट बहुतेक वेळा विणलेलं नसतं. कृत्रिम धागे सुयांनी टोचून एकमेकांत अडकवलेले असतात, म्हणजे तो दाबून केलेला पातळ नमदाच. कुत्र्याच्या केसावर सूक्ष्म खवले असतात आणि ते सगळे एकाच दिशेला, टोकाकडे झुकलेले असतात. त्यामुळे केस कापडावर घासला गेला की कुसळासारखा पुढेपुढे आत शिरतो, उलटा बाहेर येत नाही. कुत्रा आत बसतो, कूस बदलतो, वळणावर अंग सावरतो, आणि प्रत्येक हालचालीबरोबर केस आणखी खोल जातात.

म्हणूनच लांब केसांपेक्षा आखूड, ताठ केस जास्त छळतात. लॅब्रॅडॉर, पग, डाल्मेशियन पाळणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. लांब केसाचं टोक वर राहतं आणि ते धरून ओढता येतं. आखूड केस सुईसारखा पूर्ण आत जातो. ज्या जातींना दुहेरी केसाळ आवरण असतं, त्यांची आतली मऊ लव ऋतू बदलताना झुपक्याझुपक्याने गळते. ती इतकी हलकी असते की स्थिर विजेमुळे प्लॅस्टिकच्या भिंतींना आणि छताच्या कापडालाही चिकटते. हवा कोरडी असली की हा त्रास वाढतो.

हे लक्षात घेतलं की पुढच्या सगळ्या कामाची दिशा ठरते. केस कार्पेटपर्यंत पोहोचूच द्यायचा नाही. पोहोचला तर आधी सैल करायचा आणि मगच खेचायचा.

पहिलं काम: डिकी रिकामी करून मापं घेणं

आच्छादन विकत घेण्याआधी डिकी पूर्ण रिकामी करा. वरचा पार्सल ट्रे काढा, तळाची फळी उचला, स्टेपनीचा खड्डा बघा. तिथे ओल, गंजाचे डाग किंवा कुबट वास असेल तर तो प्रश्न आधी सोडवा. ओलीवर रबरी चटई टाकली की ओल कोंडते, पत्रा गंजतो आणि महिन्याभरात सगळ्या गाडीला वास येऊ लागतो.

मापं तीन घ्यायची: मागच्या सीटच्या पाठीपासून डिकीच्या ओठापर्यंतची, म्हणजे दाराकडच्या खालच्या कडेपर्यंतची लांबी, दोन्ही चाकांच्या फुगवट्यांमधली सर्वांत अरुंद रुंदी आणि तळापासून खिडकीच्या खालच्या कडेपर्यंतची उंची. ही तिसरी उंची लोक विसरतात. कुत्रा भिंतीला टेकून बसतो. सर्वांत जास्त केस आणि लाळ बाजूच्या भिंतींवरच लागते. जमलं तर वर्तमानपत्रं चिकटवून डिकीच्या तळाचा पूर्ण आकार कापून घ्या. दुकानात किंवा शिवणाऱ्याकडे तो कागद नेला की मापाचा वाद उरत नाही.

याच वेळी काही जागा हेरून ठेवा, कारण त्या झाकायच्या नाहीत. सामान बांधायचे धातूचे हुक मोकळे राहायला हवेत. जाळी आणि पिंजरा त्यांनाच बांधायचा आहे. बाजूच्या प्लॅस्टिकमध्ये आडव्या फटी असतील तर बऱ्याच गाड्यांत त्या आतली हवा बाहेर जाण्याच्या वाटा असतात. त्या बंद झाल्या की काचा धुरकटतात आणि मागच्या भागात हवा खेळती राहत नाही. काही हायब्रिड गाड्यांमध्ये मागच्या सीटजवळ बॅटरी थंड ठेवणाऱ्या पंख्याचं तोंड असतं. तिथे कुत्र्याचे केस अडकले तर बॅटरी तापू शकते. तुमच्या गाडीत असं तोंड कुठे आहे आणि त्याची जाळी कशी साफ करायची, हे गाडीच्या पुस्तिकेत मिळेल.

आच्छादन निवडताना

बाजारात मुख्यतः दोन प्रकार दिसतात. एक म्हणजे गाडीच्या मापाचा, उभ्या कडांचा रबरी किंवा लवचीक प्लॅस्टिकचा ट्रे. दुसरा म्हणजे जाड, रजईसारखं शिवलेलं, खालून जलरोधक असलेलं कापड, जे सीटच्या पाठीवरून आणि दोन्ही भिंतींवरून खोळीसारखं बसतं.

ट्रे पाणी आणि चिखल उत्तम अडवतो. उचलायचा, झटकायचा, पाण्याने धुवायचा, काम संपलं. पण तो फक्त तळ झाकतो, भिंती उघड्याच राहतात. त्याहून मोठी उणीव म्हणजे गुळगुळीत ट्रेवर कुत्र्याचे पाय घसरतात. प्रत्येक वळणावर घसरणारा कुत्रा नखं रोवायला बघतो, घाबरतो, धापा टाकतो, लाळ गाळतो, कधी उलटी करतो. म्हणजे जी घाण टाळायला ट्रे घेतला, तीच वाढते. कुत्र्याच्या पायांना न मानवणारं आच्छादन कितीही जलरोधक असलं तरी ते चांगलं आच्छादन नाही, असं माझं ठाम मत आहे.

कापडी आच्छादन भिंतीही झाकतं आणि कुत्र्याला त्यावर स्थिर बसता येतं, पण बराच वेळ ओलं राहिलं तर शिवणीच्या छिद्रांतून पाणी खाली झिरपतं. म्हणून जमत असेल तर दोन्ही वापरा: खाली ट्रे, वर कापड. ट्रे ओल अडवेल, कापड केस अडवेल आणि पायांना पकड देईल. एकच घेता येत असेल तर कापडी घ्या. कुत्रा पाण्यात डुंबणारा किंवा चिखलात लोळणारा असेल तरच ट्रेला पहिली पसंती द्या आणि त्यावर खालून रबरी ठिपके असलेली छोटी चटई टाका. जुनी चादर नुसती पसरणं हा उपाय तोकडा आहे. ती गोळा होते, कुत्र्याच्या पायांत अडकते आणि पातळ कापडातून केस थेट कार्पेटमध्ये शिरतात.

कापड हातात घेऊन तीन गोष्टी तपासा. वरचा पोत घट्ट विणीचा आणि बऱ्यापैकी सपाट हवा. लव असलेलं मखमली कापड दिसायला छान, पण केस धरून ठेवतं. खालची बाजू कार्पेटवर ठेवून हाताने ढकलून बघा, ती सरकता कामा नये. आणि शिवणी मोजा: बसायच्या जागेच्या मधोमध जितक्या कमी शिवणी, तितकं बरं.

रंगाबाबत सर्वसाधारण सल्ला असतो की केस दिसू नयेत म्हणून कुत्र्याच्या रंगाचं कापड घ्यावं. मी उलट सांगेन. केस, माती आणि मुख्य म्हणजे गोचीड चटकन दिसेल असाच रंग घ्या. दिसलं की साफ होतं. नव्या रबराला उग्र वास असेल तर एक-दोन दिवस बाहेर उघड्यावर ठेवा आणि मगच गाडीत घाला. कुत्र्याचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण असतं.

खरी लढाई सांध्यांची

तळ झाकणं सोपं. केस साठतात ते फटींमध्ये: सीटची पाठ आणि तळ यांच्यामधल्या फटीत, चाकांच्या फुगवट्यांच्या मागे, दाराच्या कुलपाच्या खाचेत, दाराभोवतीच्या रबरी पट्टीच्या आत. सर्वांत त्रासदायक आहे ती सीटमागची फट. तिथून केस मागच्या सीटच्या पट्ट्यांच्या बकलपर्यंत जातात, आणि बकलमध्ये केस व माती गेली की ते नीट अडकत नाही. तिथे रोज माणसं बसतात, त्यामुळे हा निव्वळ स्वच्छतेचा मुद्दा राहत नाही.

आच्छादन सीटच्या पाठीवर चढून हेडरेस्टला बांधता येणारं असेल तर ही फट आपोआप झाकली जाते. बांधताना पट्टे ताणून घट्ट करू नका. फटीपाशी कापडाचा थोडा ढिला झोल ठेवा. नाहीतर कुत्रा बसला की कापड खाली दबतं, वरचे पट्टे खेचले जातात आणि आठवड्याभरात शिवण उसवते. नुसता ट्रे असेल तर टॉवेलची घट्ट वळकटी करून फटीत दाबून बसवा. ती महिन्यातून एकदा बाहेर काढून झटकायची.

भिंतींवर कापड टिकत नाही ही नेहमीची तक्रार. वेल्क्रोची काटेरी बाजू बऱ्याच कार्पेटना थेट चिकटते, गोंद लागत नाही. आधी आतल्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात चिकटवून काढून बघा. कार्पेटचे धागे उपटून येत असतील तर हा उपाय सोडा आणि हुकांना दोऱ्या बांधा.

डिकीचा ओठ आणि बंपर यांच्यासाठी वेगळी झडप लागते. उडी मारताना कुत्रा मागचे पाय नेमके तिथे टेकतो आणि नखांचे ओरखडे रंगावर कायमचे राहतात. बऱ्याच आच्छादनांना ही झडप जोडलेली येते. नसेल तर जाड रबरी चटईचा तुकडा आत ठेवा आणि चढउतरताना बाहेर पसरा. दार लावण्याआधी झडप आत घ्यायला विसरू नका, दारात सापडलेलं कापड पावसाचं पाणी आत ओढतं. वय झालेल्या, जड किंवा सांध्यांचा त्रास असलेल्या कुत्र्यासाठी उतरता फळा घ्याच. त्यात बंपर वाचतो हे खरं, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याचे सांधे वाचतात.

जाळी की पिंजरा

डिकी आणि सीटच्या मध्ये धातूची जाळी बसवली की कुत्रा सीटवर उडी मारत नाही आणि केस बऱ्याच अंशी मागेच राहतात. पण जाळीचं खरं काम सुरक्षेचं आहे. गाडी अचानक थांबली तरी आतलं मोकळं शरीर त्याच वेगाने पुढे जात राहतं. तीस किलोंचा कुत्रा तेव्हा स्वतःलाही आणि पुढच्या माणसांनाही जबर इजा करू शकतो. कापडी ताणजाळी केस थोडे अडवेल, धडक अडवणार नाही.

पिंजरा स्वच्छतेसाठी सर्वांत सोपा, कारण सगळी घाण एका चौकटीत राहते. कुत्र्याला त्यात उभं राहता, वळता आणि आडवं होता आलं पाहिजे. पिंजरा सीटच्या पाठीला टेकवून हुकांना पट्ट्यांनी बांधा. आत बसायची सवय आधी घरात लावा, गाडीत नंतर.

कुत्रा चढण्याआधीची दहा मिनिटं

गाडीत गळणारे केस आधी ब्रशमध्ये आले तर डिकीत येणार नाहीत. आखूड केसांसाठी रबरी दातांचा ब्रश किंवा हातमोजा, दुहेरी आवरणासाठी आतली लव काढणारा लांब दातांचा कंगवा. प्रवासाच्या दिवशी घराबाहेर पाच-सात मिनिटं पाठ, कुल्ले, मांड्या आणि शेपटीचं मूळ इथे फिरवला तरी मोठा फरक पडतो. केस कमी गळावेत म्हणून दुहेरी आवरणाच्या कुत्र्याचं अंग सफाचट करू नका. ते आवरण त्याला ऊन आणि उष्णता यांपासूनही वाचवतं आणि पुन्हा उगवताना पोत बिघडू शकतो.

फिरून परतताना क्रम असा ठेवा: आधी पोट, मग पायांची आतली बाजू, शेवटी पंजे. पंजे आधी पुसले तर पोटावरचं पाणी निथळून पुन्हा त्यांवरच येतं. बोटांच्या मधे बोट घालून खडे आणि काटे काढा. ओल्या कुत्र्याला घासण्यापेक्षा मायक्रोफायबरच्या टॉवेलने दाबून टिपा. घासल्याने केसांच्या गाठी होतात आणि माती कातडीपर्यंत जाते. बाह्या नसलेला, अंगावर घालायचा टॉवेलचा अंगरखा मिळतो. पाण्यात जाणाऱ्या कुत्र्यासाठी तो फार उपयोगी आहे. मात्र उन्हाळ्यात गाडी चालू असताना तो अंगावर ठेवू नका.

प्रवासानंतर साफसफाई, क्रमाने

चिखल ओला असताना त्याला हात लावू नका. तो पसरतो आणि धाग्यांत मुरतो. पूर्ण वाळू द्या, मग ब्रशने फोडा आणि व्हॅक्यूमने ओढा.

केसांसाठी आधी व्हॅक्यूम लावून उपयोग नाही, तो फक्त वरवरचे केस नेतो. रबरी हातमोजा घाला, तो किंचित ओला करा आणि सीटकडून ओठाकडे असे एकाच दिशेने, आखूड फटके मारत या. ओलाव्याने स्थिर वीज जाते, रबराच्या घर्षणाने केस मुळातून सैल होतात आणि त्यांच्या गुंडाळ्या बनतात. काच पुसायच्या रबरी पट्टीनेही हेच काम मोठ्या जागेवर लवकर होतं. एका दिशेने केस येईनासे झाले की आडव्या दिशेने ओढा. कार्पेटमध्ये केस वेगवेगळ्या कोनांत शिरलेले असतात. गुंडाळ्या हाताने उचला आणि शेवटी अरुंद तोंडाचा व्हॅक्यूम फटींतून फिरवा. प्युमिस दगडाने केस निघतात हे खरं, पण तो धागेही झिजवतो. फारच हट्टी भागासाठी, हलक्या हाताने, तेवढ्यापुरताच वापरा.

घरात पिसवांचा त्रास चालू असेल तर व्हॅक्यूमची पिशवी त्याच दिवशी बांधून बाहेर टाका. पिसवांची अंडी केसांवरून घरंगळून कार्पेटमध्ये पडतात आणि तिथेच फुटतात.

प्लॅस्टिकच्या भिंती ओलसर मायक्रोफायबरने पुसा. चकाकी आणणारे फवारे इथे नकोत. पृष्ठभाग निसरडा होतो आणि कुत्रा तो चाटतो. छताचं कापड भिजवू नका, त्यामागचा गोंद सुटला की ते लोंबू लागतं. मागच्या काचेवरची वाळलेली लाळ काढताना विशेष जपा: आतल्या बाजूला धुकं घालवणाऱ्या बारीक तारा असतात. ओलं फडकं मिनिटभर काचेवर धरून लाळ मऊ करा आणि तारांच्या दिशेने आडवं पुसा. पातं किंवा खरखरीत घासणी वापरली तर तार तुटते.

लघवी आणि उलटी

घन भाग उचलून घ्या आणि ओल टिपा. कोरडं फडकं ठेवून वरून हाताने दाब द्या, घासू नका. मग थंड पाणी थोडं टाकून पुन्हा टिपा. गरम पाणी किंवा वाफ वापरली तर प्रथिनांचे डाग धाग्यात पक्के बसतात. त्यानंतर एन्झाइमयुक्त क्लीनर लावा आणि बाटलीवर लिहिला असेल तेवढा वेळ त्याला काम करू द्या. लगेच पुसला तर तो फुकट जातो. अमोनिया असलेलं कुठलंही द्रव्य टाळा. लघवीलाही तोच वास असल्यामुळे कुत्रा पुन्हा तिथेच करू शकतो.

वास मारण्यासाठी फिनाइल, डांबरगोळ्या किंवा टी ट्री तेल डिकीत नको. हे तिन्ही कुत्र्यांसाठी विषारी आहेत आणि बंद गाडीत त्यांची वाफ साठते. कोरड्या कार्पेटवर खाण्याचा सोडा रात्रभर भुरभुरून सकाळी व्हॅक्यूमने ओढला की बराच वास जातो. कुत्रा चढण्याआधी तो पूर्ण निघाल्याची खात्री करा, कारण सोडा जास्त पोटात गेला तर त्रास होतो.

आच्छादन धुणं आणि वाळवणं

कापडी आच्छादन मशीनमध्ये टाकण्याआधी बाहेर जोरात झटका आणि वाळलेले केस रबरी हातमोज्याने काढा. ओले केस एकत्र येऊन मशीनची निचऱ्याची जाळी तुंबवतात. थंड पाणी, सौम्य फेरी, साधी धुण्याची पावडर. कपडे मऊ करणारं द्रव्य घालू नका, त्याने जलरोधक थर खराब होतो. सावलीत वाळवा, ड्रायरच्या किंवा कडक उन्हाच्या तापाने खालचा थर तडकतो.

ओला प्रवास झाला की त्याच दिवशी आच्छादन काढून डिकीचं दार तासभर उघडं ठेवा. वरून कोरडं दिसलं तरी खालच्या बाजूला हात लावून बघा, ओल तिथेच लपते. पावसाळी दिवसांत आठवड्यातून एकदा तळाची फळी उचलून स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी नाही ना, हे पाहा.

उन्हात उभ्या गाडीत काळा रबरी ट्रे चटका बसण्याइतका तापतो. कुत्र्याला चढवण्याआधी हाताची मागची बाजू पाच सेकंद त्यावर टेकवून बघा. तुम्हाला सोसलं नाही तर त्याच्या तळव्यांनाही सोसणार नाही. आणि उभ्या गाडीत त्याला एकटं सोडू नका. बाहेर 24 अंश सेल्सियस असताना बंद गाडीतलं तापमान दहा मिनिटांत 34 च्या आसपास जातं. गाडी चालू असतानाही एसीची हवा डिकीपर्यंत कमीच पोहोचते, म्हणून मागचे झोत वर वळवा आणि सामान रचून हवेची वाट अडवू नका.

एसीचा केबिन फिल्टर कुत्रा नियमित येणाऱ्या गाडीत लवकर भरतो. सर्व्हिसिंगच्या वेळी तो बाहेर काढून दाखवायला सांगा. त्यावर केसांचा थर दिसला तर ठरलेल्या मुदतीची वाट न बघता तेव्हाच बदलून घ्या.